दोन कॉलेजांपैकी एक: कॉम्प्युटर सायन्सला जाताना तुलना कशी करायची

दोन्हीकडे प्रवेश मिळतोय, पैसे भरायची मुदत जवळ आली आहे आणि मनाचं काही ठरत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत दोनच गोष्टींवर चर्चा होते: कॉलेजचं नाव आणि तिथलं सर्वांत मोठं पॅकेज. नाव झालं ते आधी शिकून गेलेल्यांच्या जोरावर, आणि सर्वांत मोठं पॅकेज मिळालं ते कुणातरी एकाला किंवा एकीला. तुम्हाला मात्र तिथे तीन-चार वर्षं रोज बसून शिकायचं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलं तिथे स्वतःच्या हातानं काय बनवतात आणि ते कोण तपासतं, यावर निवड करा. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. शेवटच्या वर्षी नोकरीची, पुढच्या शिक्षणाची धावपळ सुरू होते. कॉम्प्युटर सायन्स खरं अंगात मुरतं ते या मधल्या काळात. ते बाहेरून कसं ओळखायचं, हे पुढे एकेक करून सांगतो. नीट बसलात तर तीन-चार दिवसांत सगळं उरकतं.

पायरी १: दोन्ही प्रवेशपत्रं शब्दन् शब्द वाचा

पदवीवर नाव कोणाचं येणार, कॉलेजचं की विद्यापीठाचं? शाखेचं नेमकं नाव काय? फी एका वर्षाची सांगितली आहे की सगळ्या वर्षांची, आणि ती दरवर्षी वाढते का? शिष्यवृत्ती असेल तर ती टिकवायला किती गुण लागतात? ही उत्तरं कागदावर हवीत. तोंडी आश्वासन धरून चालू नका.

"पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. शाखा बदलायला आधी तिकडे जागा रिकामी व्हावी लागते, आणि कॉम्प्युटरची जागा सहसा कोणी सोडत नाही. त्यामुळे आज जी शाखा हातात आहे, तीच शेवटपर्यंत राहणार असं समजून तुलना करा.

मान्यतेचंही याच वेळी बघून घ्या. दर्जाची मान्यता बऱ्याचदा संपूर्ण कॉलेजला नसून त्यातल्या एकेका अभ्यासक्रमाला असते, आणि तिला मुदत असते. कॉलेजच्या फाटकावर 'मान्यताप्राप्त' लिहिलेलं असलं, तरी तुमच्या शाखेची मान्यता चालू आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. पुढे दुसऱ्या देशात जायचा विचार असेल तर ही मान्यता देणारी संस्था अभियांत्रिकी पदव्यांसाठीच्या १९८९ च्या वॉशिंग्टन करारात किंवा संगणक पदव्यांसाठी २००८ मध्ये झालेल्या सोल करारात आहे का, तेही बघा. या करारांतल्या संस्था एकमेकींनी मान्य केलेल्या पदव्या समकक्ष मानतात.

पायरी २: दोन्ही अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवा

यंदा प्रवेश घेणाऱ्यांना लागू असलेला अभ्यासक्रम दोन्हीकडून मिळवा. संकेतस्थळावर कधी कधी जुनाच पडलेला असतो. मग हे विषय शोधा: डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संगणकाची रचना, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स, डेटाबेस, आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन किंवा कंपायलर (लिहिलेला कोड संगणकाला कळेल अशा भाषेत बदलणारा प्रोग्राम). गणितात संभाव्यता-सांख्यिकी आणि रेषीय बीजगणित. प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहा: सक्तीचा आहे की ऐच्छिक, कोणत्या सत्रात आहे, आणि त्याला जोडून लॅब आहे की नाही.

एवढा आग्रह या जुन्या विषयांचाच का, असं वाटेल. माहितीपत्रकात तर सगळी नवी नावं झळकत असतात. पण जरा वर्षं बघा. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचा सर्वांत जवळचा मार्ग शोधणारा अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीची रीत, १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवायची, कल्पना १९७० मध्ये मांडली. अर्पानेटनं, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यानं, १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपी हे संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम स्वीकारले. नकाशावरचा रस्ता, बँकेतला व्यवहार, फोनवरचा संदेश, सगळं आजही याच पायावर उभं आहे. याउलट वेबसाइट बनवायची जी फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) आज मागणीत आहे, ती तुम्ही पदवी घेईपर्यंत मागे पडलेली असू शकते. पाया पक्का असलेल्या मुलीला नवी फ्रेमवर्क उचलायला काही आठवडे पुरतात. ज्याला फक्त फ्रेमवर्क शिकवली, त्याला पाया नंतर नोकरी सांभाळत भरून काढावा लागतो, आणि ते फार जड जातं.

विषयांचा क्रमही बघा, कारण त्यातून अभ्यासक्रम विचार करून आखला आहे का ते लगेच कळतं. अल्गोरिदमच्या आधी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स हवं. संगणकाची रचना ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी किंवा निदान बरोबर हवी. संभाव्यता शिकवायच्या आधीच मशीन लर्निंग ठेवलं असेल, तर तिथे तयार कोड चालवून दाखवण्यापलीकडे फारसं काही होऊ शकत नाही. गणित नसताना शिक्षकांनी तरी समजवायचं कसं?

शाखांच्या नावांचा गोंधळ इथेच सुटतो. एका कॉलेजात साधं 'कॉम्प्युटर सायन्स' मिळतंय आणि दुसऱ्यात 'एआय अँड डेटा सायन्स', तर निवडायचं कोणतं? नाव बाजूला ठेवा आणि वरची यादी दोन्हींना लावा. काही ठिकाणी एआयच्या शाखेत मूळ विषय सगळे असतात आणि वर चार जास्तीचे, ती उत्तम. काही ठिकाणी मात्र ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स आणि कंपायलर काढून त्यांच्या जागी 'इंट्रोडक्शन टू' अशा नावाचे पाच विषय भरलेले असतात. अशा शाखेपेक्षा साधं कॉम्प्युटर सायन्स घ्या, असं मी ठामपणे सांगेन. साध्या शाखेतून एआयकडे वळता येतं. उलट दिशेचा प्रवास अवघड आहे.

दोन्ही अभ्यासक्रम कशाशी ताडून बघायचे हा प्रश्न पडला, तर एसीएम, आयईईई कॉम्प्युटर सोसायटी आणि एएएआय या संस्थांनी मिळून केलेला 'सीएस २०२३' हा आराखडा मोफत उपलब्ध आहे. त्यात कॉम्प्युटर सायन्सची १७ ज्ञानक्षेत्रं दिली आहेत. सगळा वाचायची गरज नाही. त्या १७ नावांसमोर दोन्ही कॉलेजांचे विषय लिहून काढा. कुठे पोकळी आहे ते आपोआप दिसेल.

पायरी ३: प्रश्नपत्रिका आणि असाइनमेंट मागवा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. अभ्यासक्रमाचा कागद दोन कॉलेजांत तंतोतंत सारखा असू शकतो आणि शिक्षणात तरी जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तो फरक परीक्षेत आणि लॅबमध्ये उघडा पडतो.

दोन्हीकडच्या एकाच विषयाच्या, समजा ऑपरेटिंग सिस्टिमच्या, मागच्या दोन-तीन प्रश्नपत्रिका मिळवा. कॉलेजच्या ग्रंथालयात असतात, सिनिअर मुलांकडे तर असतातच. एका प्रश्नपत्रिकेत असं दिसेल: "डेडलॉकची व्याख्या लिहा. त्याच्या चार अटी सांगा." दुसरीत असेल: "खालील कोडमध्ये दोन थ्रेड दोन कुलपं वेगवेगळ्या क्रमानं घेतात. प्रोग्राम कुठे अडकेल ते दाखवा आणि कमीत कमी बदल करून दुरुस्त करा." पहिला प्रश्न पाठांतरावर सुटतो. दुसरा सोडवायला विषय समजलेला लागतो. तुम्हाला आज यातलं काहीच कळत नसलं तरी हरकत नाही. 'व्याख्या लिहा, टिपा लिहा, फरक स्पष्ट करा' असे प्रश्न किती आणि 'शोधा, दुरुस्त करा, सिद्ध करा, रचना करा' असे किती, एवढं मोजायला विषय यावा लागत नाही. तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत तेच प्रश्न फिरून फिरून येत असतील तर तेही टिपून ठेवा.

मग लॅब. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा, "ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबमध्ये नेमकं काय केलंस?" चांगल्या ठिकाणी उत्तर नेमकं येतं: स्वतःचं छोटं शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) लिहिलं, मेमरी वाटणारा कोड लिहिला, किंवा शिकवण्यासाठीच बनवलेल्या एखाद्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये भर घातली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठानं २००६ मध्ये अशीच एक्सव्ही-६ नावाची छोटी प्रणाली शिकवण्यासाठी तयार केली. तिचा कोड मोफत आहे आणि जगभरातल्या वर्गांत वापरला जातो. दुसरीकडे उत्तर येतं: "दहा प्रॅक्टिकल होते, कोड दिलेला असायचा, वहीत उतरवून सही घ्यायची." हे दुसरं उत्तर दोन-तीन वेगवेगळ्या मुलांकडून आलं, तर त्या कॉलेजच्या इमारतीनं, एसीनं, नव्या संगणकांनी भारावून जाऊ नका.

मुलांचे गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवरचे प्रोजेक्ट बघायला मिळाले तर जरूर बघा. एकाच रात्रीत एका फटक्यात टाकलेला कोड आणि दोन महिने थोडा थोडा वाढत गेलेला कोड, त्याच्या नोंदींवरून सहज वेगळा ओळखता येतो.

आजकाल असंही ऐकू येतं की सगळं इंटरनेटवर आहे, मग कॉलेज कोणतंही चालेल. पहिला भाग खरा आहे. एमआयटीनं आपलं शिक्षणसाहित्य सगळ्यांसाठी खुलं करायची घोषणा २००१ मध्येच केली आणि आज उत्तम व्याख्यानं घरबसल्या बघता येतात. म्हणूनच इंटरनेट जे देऊ शकत नाही, त्यावर कॉलेज पारखायचं. तुमचा कोड वाचून "हे चालतंय, पण असं का लिहिलंस?" असं विचारणारा माणूस, टाळता न येणारी मुदत, आणि त्याच गाठीत अडकलेले शेजारी बसणारे मित्र. वेबसाइट बनवायला एकट्यानं शिकणारे पुष्कळ आहेत. कंपायलर एकट्यानं, कोणी मागे लागलेलं नसताना पूर्ण करणारे मात्र विरळा.

पायरी ४: शिकवणारे कोण आहेत

प्राध्यापकांची यादी बघून थांबू नका. यादीत नाव असणं आणि वर्गावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालू सत्राचं वेळापत्रक मिळवा आणि मूळ विषय कोण घेतं ते बघा. दर सत्राला बदलणारे तात्पुरते शिक्षक घेतात की तोच विषय चार-पाच वर्षं शिकवलेलं कोणी घेतं? एका लॅबला किती मुलं असतात आणि मदतीला किती जण उभे असतात?

संशोधनाचे आकडे सांगून कोणी प्रभाव पाडायला लागलं, तर डीबीएलपी ही कॉम्प्युटर सायन्समधल्या संशोधनलेखांची मोफत सूची आहे. १९९३ मध्ये जर्मनीच्या ट्रिअर विद्यापीठात ती सुरू झाली. तिथे नाव टाकून बघा. पण पदवीच्या मुलासाठी मी याला फार वजन देणार नाही. भरपूर लेख लिहिणारे सगळेच चांगले शिकवतात असं नाही, आणि एकही लेख नसलेले काही शिक्षक मुलांना घडवतात. पुढे संशोधनातच जायचं असेल तर प्रश्न वेगळा विचारा: पदवीच्या मुलांना प्राध्यापक आपल्या कामात घेतात का?

पायरी ५: तिथल्या मुलांशी बोला

कॉलेजनं निवडून दिलेल्या मुलांशी नको. तुमच्या ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून, प्रत्येक कॉलेजची तीन-चार मुलं गाठा. त्यांत एक वर्गात वरच्या क्रमांकाचा असावा, पण एक मधला हवाच, कारण तुमचा अनुभव बहुधा त्याच्यासारखा असणार आहे. एक मुलगी आणि एक मुलगा तरी असावा. हॉस्टेल, लॅबच्या वेळा, रात्री उशिरा थांबणं याबाबत दोघांचे अनुभव वेगळे असू शकतात.

"कॉलेज कसं आहे?" असं विचारलं की "चांगलं आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा:

– मागच्या आठवड्यात किती तास झाले आणि किती बुडाले?
– अडलं की आधी कोणाकडे जातोस?
– सत्रात सर्वांत जास्त वेळ कोणत्या कामानं खाल्ला?
– हजेरीचा नियम किती कडक आहे? इंटर्नशिपला सुट्टी मिळते का?
– धाकट्या बहिणीला इथे पाठवशील का?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला किती वेळ लागतो, तेही बघा.

नावाजलेल्या कॉलेजचा खरा फायदा याच पायरीवर कळतो, आणि तो मोठा आहे हे मान्य करायला हवं. कठीण स्पर्धेतून आलेली मुलं आजूबाजूला असली की आपलाही वेग वाढतो. पण तो फायदा नावावरून गृहीत न धरता सरळ तपासता येतो. तिथल्या मुलांचे संघ आयसीपीसीसारख्या प्रोग्रॅमिंग स्पर्धांत उतरतात का? २००५ पासून चालणाऱ्या गुगल समर ऑफ कोडसारख्या उपक्रमांतून कोणी मुक्त सॉफ्टवेअरवर काम केलं आहे का? संध्याकाळी मुलं स्वतःहून जमून काही बनवतात का? कमी नावाच्या कॉलेजातही असा एखादा जिवंत गट असतो, आणि तुमची चार वर्षं घडवायला तो पुरेसा असतो.

पायरी ६: प्लेसमेंटचे आकडे उलगडून वाचा

"९० टक्के प्लेसमेंट" म्हणजे कशाचे ९० टक्के? वर्गात २०० मुलं आहेत. गुणांची अट आणि नोंदणी यांतून १२० उरली. त्यांतल्या १०८ जणांना नोकरी लागली. १२० पैकी १०८ म्हणजे ९० टक्के, आणि २०० पैकी १०८ म्हणजे ५४ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. तुमच्या उपयोगाचा दुसरा. (पुढच्या शिक्षणाला गेलेल्यांची संख्या वेगळी मागा, तेव्हाच चित्र पुरं होतं.)

सरासरीचंही तसंच. पाच जणांची पॅकेजेस ४, ४, ५, ५ आणि ३२ असतील तर सरासरी १० येते, पण पाचपैकी एकालाही १० च्या आसपास काही मिळालेलं नाही. मधला आकडा, म्हणजे मध्यक, ५ आहे. म्हणून मध्यक विचारा, आणि तोही फक्त तुमच्या शाखेचा. कॉलेजला तो सांगता येत नसेल तर त्यावर फार विसंबू नका. पॅकेजमध्ये दर महिन्याला हातात येणारा पगार किती आणि एकदाच मिळणारा बोनस, पुढे कधीतरी मिळायचे शेअर किती, हेही सिनिअरांना विचारा. आणि एक ऑफर मिळाल्यावर दुसरीसाठी बसता येतं का, याचा नियम विचारायला विसरू नका.

पायरी ७: पैशाचा हिशेब शेवटपर्यंत न्या

फी, राहणं, जेवण, प्रवास, लॅपटॉप, परीक्षा शुल्क. सगळ्या वर्षांचं मिळून लिहा. कर्ज काढणार असाल तर पुढचं उदाहरण नीट बघा. समजा चार वर्षांत दरवर्षी सुरुवातीला २५ असे मिळून १०० उचलले आणि व्याज १० टक्के आहे. शिकत असताना काहीच फेडलं नाही, तर चौथ्या वर्षाअखेर साध्या सरळव्याजानंच २५ व्याज झालेलं असतं. आता हे १२५ पुढच्या १० वर्षांत मासिक हप्त्यांनी फेडायचे. एकूण परत जातात सुमारे १९८. घेतलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट.

म्हणून महागड्या कॉलेजची तुलना त्याच्या फीशी न करता या परतफेडीच्या आकड्याशी करा. महिन्याचा हप्ता काढा आणि मागच्या पायरीवर मिळालेल्या मध्यक पगाराच्या शेजारी ठेवा. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या भागापेक्षा जास्त होत असेल तर मी ते कॉलेज सुचवणार नाही. मोठं कर्ज डोक्यावर असलं की पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते, आणि पुढे शिकायची इच्छा असली तरी पाऊल उचलत नाही.

पायरी ८: कामाच्या दिवशी जाऊन या

प्रवेशाचा मेळावा टाळा. साधा दिवस निवडा, दुपारनंतर जा. लॅब उघडी आहे का, आत मुलं आहेत का, पडद्यावर काय चाललंय? सूचनाफलकावरच्या तारखा चालू महिन्याच्या आहेत का? जाणं शक्य नसेल तर एखाद्या सिनिअरला व्हिडिओ कॉलवर लॅबमधून फिरवून आणायला सांगा.

आता ठरवायचं कसं

गुण देऊन बेरीज करायची पद्धत मला पटत नाही. त्यात क्रीडांगण आणि कंपायलरची लॅब एकाच मापानं मोजली जातात. मी उतरत्या क्रमानं जाईन. आधी पायरी ३: असाइनमेंट आणि परीक्षांमध्ये दोन्हींत ठळक फरक आहे का? असेल आणि सरस कॉलेजचा हप्ता झेपणारा असेल, तर तेच घ्या, नाव कमी असलं तरी. फरक ठळक नसेल तर कमी खर्चाचं घ्या. खर्चही सारखाच असेल तर जिथली मुलं तुम्हाला जास्त उत्साही वाटली तिथे जा. हे सगळंच सारखं निघालं तर मग अंतर, हवा, हॉस्टेल बघा. मात्र तब्येतीचं किंवा घरच्या जबाबदारीचं कारण असेल तर अंतराचा विचार सगळ्यांत आधी करा, आणि त्यात मन खाऊ देऊ नका.

आईवडिलांचं मत वेगळं पडलं तर वाद घालण्याऐवजी दोन्हीकडच्या प्रश्नपत्रिका आणि परतफेडीचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. बरेचदा मतभेद माहिती वेगवेगळी असल्यामुळे असतो.

ठरल्यावर घाई एकाच गोष्टीची करा. निवडलेल्या कॉलेजचा प्रवेश पक्का झाल्याची पावती हातात घ्या, त्यावर शाखेचं नाव बरोबर आहे ना ते तपासा, आणि मगच दुसरी जागा सोडा. सोडताना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, मूळ कागदपत्रं मोजून परत घ्या. फी परत मिळण्याचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी तारखेप्रमाणे घटत जातं, तेव्हा ती तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.